मोखाड्याच्या वाटेवरचं पिवळं पुस्तक

"पेटी," असं मी म्हटलं आणि देवजी पुन्हा पाण्यात शिरला.

तोवर त्याने माझ्या सुनेला, यमुनेला, खडकावर आणून सोडलं होतं. तिच्या पाठीला लुगड्याने बांधलेली माझी नात कुसुम तिच्याबरोबरच आली. मग तो माझ्यासाठी परत आला. मी अंगाने जड. त्याने मला दंडाला धरून ओढलं की केसांना धरून, ते आठवत नाही. मला खडकाला टेकवून तो धापा टाकत उभा राहिला. गाडी आडवी होऊन एका उंबराला अडकली होती. बांडा बैल सुटून काठाला लागला होता. पवळ्या बैल जुवाखाली गुंतलेला, त्याचं तोंड वर यायचं आणि खाली जायचं. पेटी गाडीच्या मागे दोरीने बांधलेली होती आणि दोरी सैल होत चालली होती. पेटीत बोटीची तिकिटं होती, माझ्या मुलाचं पत्र होतं आणि एक पुस्तक होतं. दुसरं, पिवळं पुस्तक माझ्या ओच्यात होतं.

मी "पेटी" म्हटलं आणि देवजी वळला. तो पेटीसाठी वळला की बैलासाठी, ते मला माहीत नाही. दोन्ही एकाच बाजूला होतं.

हे सगळं कसं झालं ते लिहिते, कारण जव्हारातले लोक लांबच्या प्रवासाला निघाले की मला विचारतात, बरोबर पुस्तकं कोणती न्यावी. पुस्तकं घेऊन परमुलखाला निघालेली बाई इथे मी एकटीच, म्हणून विचारतात. मी मोखाड्यापर्यंतच गेले हे त्यांना ठाऊक असतं, पण तोंडावर कुणी म्हणत नाही.

जव्हार

माझा मुलगा सदाशिव आफ्रिकेत मोंबासाला आगगाडीच्या गोदामात कारकून आहे. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. कुसुम तो गेल्यावर जन्मली, तिला त्याने पाहिलेली नव्हती. पत्रं आधी पंधरवड्याला यायची, मग महिन्याला, मग सणासुदीला. तिकडून आलेल्या एका माणसाने सांगितलं, सदूकडे स्वयंपाकाला एक बाई आहे. बाई स्वयंपाक करतही असेल. पण मी साठीला आलेली बाई, मला कुणी समजावायला नको. तेवढ्यात त्याने दोन तिकिटं पाठवली आणि लिहिलं, या मोसमात आलात तर बरं, नाहीतर पुढचं काही सांगता येत नाही. मी यमुनेला पत्र वाचून दाखवलं आणि शेवटची ओळ गाळली. तिला अक्षर येत नाही, पण मी कुठे थांबले ते तिने बघितलं. त्या दिवसापासून ती सामान बांधायला लागली.

बोट कोजागरीनंतर तीन दिवसांनी मुंबईहून सुटणार होती. ती चुकली तर यमुनेचा संसार बुडालाच, असं मी धरून चालले होते.

पेटी एकच न्यायची होती. त्यात कपडे, मेतकूट, भाजणी, लिंबाचं लोणचं, कुसुमची दुपटी. उरलेल्या जागेत दोन पुस्तकं मावत होती. माझ्यापुढे तीन होती.

पहिलं लाल पुठ्ठ्याचं. ते सदूने पाठवलं होतं. आफ्रिकेला जाऊन आलेल्या कुणा गृहस्थाने लिहिलेलं. बोटीवर ओकारी कशी टाळावी, डॉक्टर तपासतो तेव्हा काय बोलावं, तिकडच्या लोकांशी व्यवहार कसा करावा, सगळं त्यात होतं. बायकांविषयी एकच ओळ होती. स्त्रियांनी अडचण आल्यास बरोबरच्या पुरुषांस विचारावे. बरोबर पुरुष नसला तर काय करावं ते नव्हतं. तरी ते घेणं भाग होतं, सदूने पाठवलेलं.

दुसरं पिवळं. ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या रस्त्यांचं. कुठल्या मैलावर धर्मशाळा, कुठे विहीर, कुठे नदी, अशी बारीक टाइपातली टाचणं. छापलेलं आणि बाळबोध लिपीत.

तिसरी होती वही. माझ्या यजमानांची. ते संस्थानच्या जमीनखात्यात होते आणि बावीस वर्षं या डोंगरांत पायी फिरले. कुठल्या पाड्यावर कोण भला माणूस, कुठलं पाणी पिऊ नये, नदी कुठून ओलांडावी, हे ते रोज संध्याकाळी वहीत उतरवून ठेवत. काळ्या दोऱ्याने शिवलेली जाड वही होती. ते गेल्यावर मी ती पेटाऱ्यात ठेवली होती.

यमुनेने वही काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "मामंजींची वही घ्या की. आपल्या वाटेचं सगळं असेल तिच्यात."

मी म्हटलं, जुनी आहे, रस्ते बदललेत, उगीच वजन.

खरं कारण वेगळं होतं. वही मोडीत होती. मी माहेरी, ठाण्याला, तिसरी इयत्ता शिकले. आम्हा मुलींना बाळबोध शिकवलं. मोडी मुलग्यांना, कारण कचेरीत मुलगे जाणार. लग्न झाल्यावर आमच्यांनी धरून चाललं की मला दोन्ही येतं. ते मोडीत लिहिलेली चिठ्ठी ठेवून फिरतीवर जात आणि मी शेजारच्या कारकुनाच्या बायकोकडून, काहीतरी निमित्त काढून, तिच्या नवऱ्याला ती वाचायला लावत असे. चाळीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही. त्या दिवशी सुनेसमोर तरी का सांगू. जी बाई सुनेला पत्रं वाचून दाखवते, तिला अर्धंच वाचता येतं हे सुनेला कळायला नको होतं.

वही पेटाऱ्यात परत गेली. लाल पुस्तक पेटीत गेलं. पिवळं मी हाताशी ठेवलं. वहीच्या जागेवर मेतकुटाचा दुसरा डबा बसला.

जव्हार ते नाका

गाडी जामसरच्या देवजीची. देवजी चाळिशीचा, कोळी, बोलायला कमी. आमच्या घरी भात तोच आणून घालायचा. त्याचं म्हणणं, डहाणूच्या अंगाने जावं, तिकडे वाट माहितीची, आगगाडीही तिकडे आहे. पण पिवळ्या पुस्तकात डहाणूचं पानच नव्हतं. मोखाड्यावरून इगतपुरीकडे जायचा रस्ता होता, मैलवार. ज्या वाटेचं पुस्तक हाताशी आहे त्या वाटेने जावं, असं मला वाटलं. आज लिहिताना हे खुळ्यासारखं दिसतं. तेव्हा दिसलं नाही.

मी देवजीला सांगितलं, बुकात सगळं लिहिलंय. तो "बरं, बाय" म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. वाटेत नागली कापायला आली होती. उतारावरच्या शेतांत बायका ओणव्या होऊन कापत होत्या आणि गाडी दिसली की उभ्या राहून बघत होत्या. कुसुम त्यांना हात करत होती. आमच्या जव्हारच्या आळीत माणूस अंतर विचारलं की कोस सांगतो. इकडे लोक विसावे सांगतात. डोक्यावर भारा घेऊन जाताना किती ठिकाणी टेकावं लागतं, तेवढे विसावे. नदीपर्यंत पुस्तकात नऊ मैल, देवजीच्या तोंडी अकरा विसावे. मी त्याला हसले. तो म्हणाला, "मैल बसलेल्या मानसाचा. विसावा चालनाऱ्याचा." ते मला पटलं, पण मी तसं बोलले नाही.

संस्थानची हद्द संपते तिथे नाक्यावर शिपायाने गाडी अडवली. दारू आहे का, मोहाची फुलं आहेत का, विचारलं. पेटी उघडायला लावली. वर लाल पुस्तक आणि माझ्या हातात पिवळं बघून म्हणाला, "बाई, परीक्षेला निघालात काय?"

मी म्हटलं, "हो. तुझ्या जागेवर बसायच्या परीक्षेला."

तो हसला आणि सोडलं. यमुनाही हसली. त्या प्रवासातलं तिचं तेवढंच हसणं. पुढे इंग्रजी हद्द. झाडं तीच, माती तीच, फक्त मैलाचे दगड चुन्याने रंगवलेले. दगड आणि पुस्तक जुळत होतं. सहावा मैल, विहीर, बरोबर. सातवा मैल, आंब्याचं झाड, बरोबर. प्रत्येक दगडाला माझा विश्वास वाढत गेला. पुस्तक आठ वेळा खरं बोललं.

नदीवर

ती नदी मोठी नाही. तिथले लोक तिला नुसतं नदी म्हणतात. उन्हाळ्यात पोरं तिच्यात खेकडे धरतात. काठाच्या अलीकडे दोन-तीन खोपटांचा पाडा आहे. तिथे एक म्हातारी अंगणात वरई वाळवत बसली होती. आम्ही थांबलो. तिने कुसुमला नागलीची आंबील दिली, मीठ घातलेली, आणि कुसुमने ती वाटी चाटून पुसून रिकामी केली.

आकाश स्वच्छ होतं. पण देवजी पाण्याकडे बघून आला आणि म्हणाला, "गढूळ हाय, बाय. वर कुठं तरी पडलाय."

म्हातारी म्हणाली, दुपारपर्यंत थांबा, भाकरी खा, पाणी बघा. नाहीतर वरच्या खडकावरून पायी जा, गाडी इथेच राहू दे. पोरं गाडी उद्या आणतील.

उद्या म्हणजे एक दिवस गेला. बोटीला सात दिवस होते, आणि मोखाड्यापुढे दोन मुक्काम, मग आगगाडी, मग मुंबईत डॉक्टरची तपासणी. लाल पुस्तकात लिहिलं होतं की तपासणीला चार दिवस आधी हजर राहावं. मी मनात दिवस मोजले. मी ओच्यातून पिवळं पुस्तक काढलं.

नवव्या मैलापुढे छापलं होतं: नदी. उतार. पुढे चढ.

माझ्या माहेरच्या बोलण्यात नदीला उतार आहे म्हणजे चालत पार होता येईल अशी जागा आहे. नदीला उतार मिळाला, असंच आम्ही म्हणतो. मी म्हातारीला पुस्तक दाखवलं. तिला काय दिसणार त्यात. ती म्हणाली, "बुकाला भूक नाय लागत. तुम्हाला लागंल. बसा."

देवजीने माझ्याकडे बघितलं. "काय लिवलाय त्यात?"

"उतार आहे, असं लिहिलंय."

"उतार?"

"उतार."

त्याने पुन्हा पाण्याकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे उतरंल, आसा म्हनतं."

मी हो म्हटलं. मला वाटलं तो माझंच बोलतोय. त्याला वाटलं, छापलेल्या बुकाला ठाऊक आहे की पूर ओसरणार. त्याच्या भाषेत पाणी कमी झालं की उतार पडला म्हणतात. आम्ही दोघं एकाच शब्दावर राजी झालो आणि दोघांचा अर्थ वेगळा होता. पुस्तकाचा तिसराच होता, पण तो नंतर कळला.

यमुना म्हणाली, "सासूबाई, थांबू या का?" हळू म्हणाली. तिलाही बोट हवी होती, माझ्यापेक्षा जास्त हवी होती, तरी म्हणाली. मी तिला म्हटलं, कुसुमला पाठीला बांध. म्हणजे भीती मलाही होती. एवढं कळत असून मी गाडीत बसले.

उतरताना देवजीने चाकाला लाकूड अडकवलं, इतका काठ उभा होता. पाणी आधी बैलांच्या गुडघ्यांना, मग पोटाला. मध्यावर गाडीचं बूड उचललं गेलं. चाकं जमिनीला लागत नाहीत हे आत बसलेल्याला लगेच कळतं. गाडी एकदम मऊ होते. देवजीने पुढे सरून बांड्याच्या मानेजवळची जुवातली शिवळ उपसली, तो सुटला. पवळ्याची उपसायला वळला तेवढ्यात गाडी फिरली.

पुढचं मी सुरुवातीला लिहिलं आहे.

पाड्यावरची माणसं दोर घेऊन आली. आम्हाला खडकावरून काढलं. पेटी त्याच दिवशी झुडपात अडकलेली सापडली. तिकिटं मेणकापडात होती, कोरडी राहिली. मेतकुटाचा एक डबा फुटला होता, दुसरा शाबूत. लाल पुस्तक भिजून फुगलं होतं. देवजी वळणावर सापडला, सूर्य मावळायच्या आधी. पवळ्या त्याच्या वरच्या अंगाला. त्या म्हातारीने माझ्या अंगावर तिचं कोरडं लुगडं टाकलं आणि एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मोखाडे

दुसऱ्या दिवशी पाणी गुडघ्याला आलं होतं. देवजीची माणसं जामसरहून निघाली असल्याचा निरोप होता. मोखाड्याचे एक मास्तर सहकुटुंब इगतपुरीला निघायच्या बेतात होते, पुढे मुंबईला जाणार होते. पाड्यावरच्या एकाने त्यांना जाऊन सांगितलं आणि ते स्वतः नदीपर्यंत आले. चांगला माणूस. म्हणाले, दोघीही चला, बोटीवर बसवून देईपर्यंत मी आहे.

आम्ही त्यांच्या ओसरीवर गेलो. मास्तरांच्या बायकोने वरण आणि जाड तांदळाचा भात वाढला. इकडचा तांदूळ तांबूस, चवीला गोड. मी जेवले. लोकांना वाटतं अशा वेळी घास उतरत नाही. मला उतरला.

यमुना म्हणाली, "मी जाते. तुम्ही थांबा. देवजीच्या घरी कुणीतरी जायला हवं."

तिला हे कळलं याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं नाही, आता वाटतं. बावीस वर्षांची मुलगी. मी माझं तिकीट तिच्याच हवाली केलं, तिकडे सदूला परत करायला. तिने लाल पुस्तक उन्हात वाळवून हातात घेतलं आणि विचारलं, यातलं मला काय लागेल ते एकदा वाचून सांगा. पानं चिकटली होती. बायकांची ती ओळ शाबूत होती. ती मी वाचली.

"बोटीवर बरोबर पुरुष कोण आहे?" ती म्हणाली. "मग कुणाला विचारू?"

मी म्हटलं, "कुणालाही विचार. पण एकालाच नको. दोघांना विचार, आणि दोघं तेच बोलले तरी पाण्याकडे बघ."

तिने मान हलवली. पत्राची गाळलेली ओळही मी तेव्हा तिला सांगितली. ती म्हणाली, "ते मला तेव्हाच कळलं होतं." मग कुसुमला उचलून गाडीत बसली.

परत

जामसरला देवजीच्या बायकोसमोर मी बसले. तिचं नाव सावित्री. बांडा बैल दारात बांधलेला होता. तिने विचारलं, "बुकानं काय सांगितला होता?"

मी म्हटलं, "बुकात होतं ते मला नीट वाचता आलं नाही."

तिने दारातल्या बैलाकडे बघितलं. मग म्हणाली, "मला इचारून तो कंदी कुठं गेला नाय. तुम्हाला इचारून गेला." तिच्या घरात भाकरी भाजलेली होती. तिने मला दिली नाही. बरोबर केलं.

जव्हारला आल्यावर मी पिवळं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. पहिलं पान मी आधी उघडलंच नव्हतं. तिथे खुणांची यादी आहे. उतार म्हणजे रस्ता उतरतो, चाक बांधून गाडी उतरवावी. चढ म्हणजे बैलांना दम द्यावा. नदी पार होते की नाही याबद्दल पुस्तकात काहीच म्हटलेलं नव्हतं. पुस्तक खोटं बोललं नव्हतं.

मग मी पेटाऱ्यातून वही काढली आणि शेजारच्या म्हाताऱ्या कारकुनाकडे गेले. या वेळी निमित्त काढलं नाही. त्याला सांगितलं, मला मोडी येत नाही, कधीच येत नव्हती, मोखाड्याच्या वाटेचं पान वाचून दाखव. त्याने चष्मा लावला. त्याला पान सापडायला वेळ लागला. आमच्यांनी लिहिलं होतं: गाडीरस्त्याने नदीत उतरू नये, पात्र मध्ये खोल आहे. पाड्यावर विचारावे. वरच्या खडकावरून पायी जाता येते. पाणी गढूळ असल्यास तेही करू नये, म्हातारीकडे थांबावे, ती आंबील देते.

तीच म्हातारी असेल. तेव्हा ती तरुण असणार, पण ते तिला म्हातारीच म्हणत असतील, किंवा तिची सासू असेल.

यमुनेचं पत्र फाल्गुनात आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. ती पोचली. स्वयंपाकाला बाई होती, आता नाही. कुसुम बापाला ओळखत नाही, त्याच्याकडे जात नाही, एवढंच.

तर पुस्तकं कोणती न्यावी. जे वाचता येतं ते न्यावं, आणि पहिलं पान आधी वाचावं. जे वाचता येत नाही ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं, लाज न धरता. याहून जास्त मला काही माहीत नाही.

त्या दिवशी नदीत आम्ही चार माणसं आणि दोन बैल होतो. मी, यमुना, कुसुम आणि बांडा बैल जगलो.